कॅसेटवर भरलेली पावती

चंपाबाई जौजे इंद्रभान खिल्लारे, वय अंदाजे चौतीस वर्षे, धर्म बौद्ध, धंदा मजुरी, राहणार मौजे बोरझरी, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला. दिनांक 9 मे 1978.

नावापुढे जौजे लिहावे की विधवा म्हणून बेवा लिहावे असे लेखनिक जमादार यांनी विचारले. मी म्हटले, तुमच्या कागदाले जे लागते ते लिहा. त्यांचे जौजे लिहून झालेले होते, ते त्यांनी तसेच राहू दिले. ज्याच्या तोंडचे जे बोलणे आहे ते सुधरवून लिहू नका असेही मी म्हटले. त्यावर ठाण्याच्या साहेबांनी, बाई म्हणते तसे घ्या, असे सांगितले.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझी सासू दुर्गाबाई व मुलगी लिला अशा तिघी राहतो. शेती नाही. माझा नवरा इंद्रभान हा विहिरी फोडण्याचे काम करीत असे. खडकात सब्बलीने भोक पाडायचे, दारू ठासायची, गडी वर काढायचे, वात लावायची आणि सगळ्यात शेवटी आपण चढायचे, असे ते काम आहे. दगड वर ओढायला आमच्याच वस्तीतले चार-पाच गडी त्याच्या हाताखाली असत. त्यांची मजुरी माझ्या नवऱ्याने द्यायची, अशी रीत होती.

अमरखेडी येथील दौलतसिंग ठाकूर यांस मी ओळखते. तेच यातील फिर्यादी आहेत. ते विहिरींचे ठेके घेतात. शेतकऱ्याकडून पूर्ण विहीर अंगावर घ्यायची आणि फोडायला माझ्या नवऱ्याला लावायचे, असा त्यांचा धंदा आहे. त्यात कागद कधी झाला नाही. अर्धे पैसे काम चालू असताना आणि अर्धे पाणी लागल्यावर, एवढी बोली. अशा तीन विहिरी माझ्या नवऱ्याने फोडल्या. तिन्हींना पाणी लागले. तिसऱ्या विहिरीच्या वेळी दौलतसिंग यांनी स्वतः पेढे वाटले, ते मी खाल्ले आहेत, म्हणून सांगते.

पाणी लागल्यावरचे अर्धे त्यांनी दिले नाहीत. तिन्ही मिळून बाराशे रुपये. पहिल्यांदा म्हणाले, उनाळ्यात पाणी टिकते का ते पाहू. पाणी टिकले. मग म्हणाले, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली. मग म्हणाले, शेतकऱ्यानंच मले देल्ले नाहीत. ते खोटे होते. शेतकरी आम्हाला मंगरूळच्या बाजारात भेटला, त्याने सांगितले की मी केव्हाच चुकते केले. पैसा दाबून ठेवणाऱ्या माणसाला कारणांची काय ददात, रोज नवे सापडते.

त्यामुळे गड्यांची मजुरी राहिली. उकंडराव नावाच्या गड्याची तर दुसऱ्या विहिरीत दोन बोटे गेली होती, त्याचीही राहिली. ही माणसे आमची. त्यांनी कधी शिवी दिली नाही. संध्याकाळी येऊन अंगणात बसायचे, बिडी ओढायचे, इकडचे तिकडचे बोलायचे आणि उठून जायचे. पैशाचा शब्द काढायचे नाहीत. माझा नवरा त्यांना पाहिले की मागच्या बाजूने निघून जाई. मी त्याला म्हणत असे, अरे बोल न त्यायच्याशी. तो म्हणे, काय बोलू? शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते, भांडून तरी मोकळे झालो असतो.

याच कारणाने तो परदेशी गेला. दुसरे कारण नव्हते. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडचा ग्यानबा म्हणून त्याचा सोबती आहे, तोही सुरुंगाचेच काम करतो. मस्कतला डोंगर फोडून सडक काढायची होती आणि कंपनीला असे गडी पाहिजे होते. मुंबईच्या एजंटाने दोघांना धाडले. पहिले वर्षभर कंपनीने तिकिटाचे आणि एजंटाचे पैसे पगारातून कापले. घरी जे येत असे तेवढ्यात आमची मीठ-भाकर निघे. गड्यांचे काही निघाले नाही.

तिकडून त्याने दुसऱ्याकडून लिहवून दौलतसिंग यांना पत्रे धाडली. उत्तर आले नाही. मग मला कळवले की तू जाऊन माग. मी गेले. किती वेळा गेले असे विचारतात. मोजले नाही. जेव्हा मजुरी नसे तेव्हा जाई. ते ओसरीवर बसलेले असत, मी अंगणात उभी राहत असे. एक वेळ झालेले बोलणे असे:

“बाई, वेव्हार माह्या अन इंद्रभानचा. तुह्या हाती दिले अन उद्या तो येऊन म्हनला, मले भेटलेच नाही, तं?”

“त्याचीच चिठ्ठी हाय न भाऊ. पाहा.”

“चिठ्ठी कोनीबी लिहिते. इंद्रभानले लिहिता कुठं येते? त्याच्या तोंडचं आयकलं का त्याच घडीले देतो. ठाकूरचा शबद हाय.”

मी म्हटले, “तो मस्कतले हाय, तोंड कुठून आनू?” ते हसले. त्यांचे भाऊ उदयसिंग तेथे होते, तेही हसले. मी परत आले. रस्ताभर मी दोघांना मनातल्या मनात काय काय म्हटले ते येथे लिहून घेण्याजोगे नाही.

हा मजकूर मी लिलाकडून नवऱ्याला कळवला. त्याला बरे सुचले. ग्यानबाने तिकडे टेप घेतला होता. त्यावर बोलून कॅसेट धाडतो, मग ठाकूर काय म्हणते पाहू, असा त्याचा निरोप आला. ग्यानबा सुटीवर यायचा होता, त्याच्याच हाती ती येणार होती.

मागील महिन्यात ग्यानबा आला. जयंती होऊन गेली होती, वस्तीतल्या निळ्या पताका अजून काढलेल्या नव्हत्या. दुपारची वेळ होती. मी अंगण सारवत होते. सासू आणि लिला मालेगावला नणंदेकडे गेल्या होत्या. मी म्हटले, “अगं माय, ग्यानबाभाऊ! बसा, चाय मांडते.” तो बसला, पण चहा नको म्हणाला. पिशवीतून एकेक सामान काढून खाटेवर ठेवू लागला. टेप ठेवला, कॅसेट ठेवली, लिलाचे कापड ठेवले. मग माझ्या नवऱ्याच्या हातातले घड्याळ ठेवले. मी म्हटले, हे काहून धाडलं त्यानं, त्याले टाइम कसा समजन? त्याने रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली. तेव्हा मला समजले.

त्याने नंतर सांगितले ते असे. पाच बार लावले होते, चार उडाले. पाचव्याची वाट पाहिली, तो उडाला नाही. इंद्रभान पाहायला गेला. आपल्या गड्यांना तो नेहमी सांगत असे की गप झालेल्या बाराजवळ जाऊ नका, बिडी ओढा, भाकर खा, जाऊ नका. तो स्वतः गेला. माती तिकडेच दिली. ग्यानबाने पाणी दिले. कंपनीने तार करतो म्हणून सांगितले होते, परंतु तार आलेली नव्हती.

मी ग्यानबाला विचारले, आणखी कोणाला सांगितले काय. तो म्हणाला, “एस.टी. उतरून सिद्दा तुमच्याकडंच आलो, वैनी.” मी म्हटले, “मंग उद्या दुपारपरेंत कोनाले सांगू नका. माह्या सासूले नाही, देवमनले नाही.” देवमन म्हणजे माझा दीर, बाजूच्याच गल्लीत राहतो. ग्यानबा माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटले माझे डोके फिरले. मी म्हटले, “डोस्कं ठिकाणावर हाय माह्यं. उद्या सकाळी टेप घेऊन माह्यासंगं अमरखेडीले चाला.”

असे का केले, असे साहेब विचारतात. दौलतसिंग यांची फिर्यादही हीच आहे की मी नवऱ्याचे मरण लपवले. होय, लपवले. सांगते का ते. जिवंत माणसाचे पैसे जो दोन वर्षे देत नाही, तो मेलेल्याचे देणार होता काय? बोलीचा वेव्हार, बोलणारा गेला की संपला. तार आली असती तर संध्याकाळपर्यंत साऱ्या मुलखात बातमी झाली असती. हे एक झाले. दुसरे असे की आमच्यात माणूस गेला म्हणजे सगळी वस्ती जमते, वंदना होते, आणि मग एकेक जण उठून गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतो. उकंडराव आला असता. तो वाईट बोलला नसता, तसा तो माणूस नाही. तो खाली पाहून गप बसला असता. बाकीचे गडीही गप बसले असते. ते गप बसणे मला नको होते. इंद्रभान दुसऱ्याच्या मुलखात मातीत गेला, तो काय कोणाची मजुरी बुडवायला गेला होता? एवढेच माझ्या डोक्यात होते. दुसरे काही सुचत नव्हते, आणि सुचू द्यायचेही नव्हते.

त्या दिवशी सायंकाळी मी ग्यानबाला टेप लावायला सांगितला. आवाज हळू ठेवला. बाजूला सुंदरबाई राहते, मध्ये कुडाची भिंत आहे. कॅसेटवर माझ्या नवऱ्याचा आवाज होता, त्यात शंका नाही. तो जे बोलला ते असे:

“दौलतसिंगभाऊ, रामराम. मी इंद्रभान बोलून राह्यलो, मस्कतहून. तुमी म्हने माह्या तोंडचं आयकल्याबिगर पैसे देत नाही. घ्या, आता आयका. तिन्ही विहिरीचे अर्धे राह्यले. पानी लागलं, पेढे तुमीच वाटले. हे पैसे माह्ये नोहोत, गड्यायचे हायत. चंपाच्या हाती द्या. तिच्या हाती देल्ले म्हंजे मले भेटले. मंग माही काई तक्रार नाही. गावाकडं आलो का तुमच्या ओसरीवर चाय प्यायले येईन. कपाची फिकर नोका करू, कप मी घरून आनीन.”

त्यानंतर थोडा वेळ नुसता वारा वाजल्यासारखा आवाज होता. मग तो म्हणाला, “आता चंपा, तुले सांगतो.”

तेथे मी ग्यानबाला बंद कर म्हटले. पुढचे ऐकले नाही. ऐकले असते तर माझ्याने राहवले नसते आणि सुंदरबाई धावत आली असती. हे ठाकूरचं काम होऊ दे, मग दार लावून ऐकीन, असे मी ठरवले. ग्यानबाला मी विचारले, पुढं काय बोलला तो? ग्यानबा म्हणाला, “मले नाही मालूम, वैनी. घरवालीसंगं बोलतो म्हनला, म्हून मी भाईर गेलतो.”

रात्री मी रडले काय, असे विचारतात. याचा गुन्ह्याशी काय संबंध आहे ते मला समजत नाही. नाही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे अमरखेडीला गेलो. फिर्यादीत असे लिहिले आहे की मी मुद्दाम हिरव्या बांगड्या भरून, मोठे कुंकू लावून, सवाशीण दिसेन अशा बेताने गेले. हे खोटे आहे. बांगड्या हातात होत्या त्याच होत्या. कुंकू मी रोज लावते, त्या दिवशीही लावले. दीक्षा घेतल्यापासून आमच्या वस्तीत बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे सोडलेले आहे. मागे माझ्या चुलत सासूच्याही बांगड्या फोडल्या नाहीत, वाटल्यास विचारावे. पण साहेब, येथे बसून अर्धे खरे बोलायचे नाही. ठाकूरच्या घरात कपाळ पाहून नवरा जिवंत की मेला ते ठरवतात, हे मला माहीत होते. ते माझ्या कपाळाकडे पाहतील हेही माहीत होते. मी पाहू दिले.

दौलतसिंग ओसरीवर होते. उदयसिंग होते. दौलतसिंग यांच्या पत्नी गोमतीबाई दाराआड होत्या. टेप पाहून दौलतसिंग यांनी मला ओसरीवर बसायला सांगितले. इतक्या वर्षांत ते प्रथमच झाले. ग्यानबाने कॅसेट लावली. कपाचे ऐकले तेव्हा दौलतसिंग मोठ्याने हसले. “इंद्रभानच हाय! हरामखोर, समुद्रापार गेला तरी जीभ तशीच हाय,” असे म्हणाले. माझा नवरा “आता चंपा, तुले सांगतो” असे म्हणाला, तेव्हा दौलतसिंग यांनीच हात वर करून बंद करायला लावले. “तो बाईचा हिस्सा हाय, आपन आयकू नाही,” असे ते म्हणाले. हे त्यांचे चांगले वागणे होते आणि ते लिहून घ्यावे.

मग ते आत गेले आणि पैसे घेऊन आले. माझ्या हाती दिले नाहीत. मांडीवर ठेवले, वर हात ठेवला आणि म्हणाले, “देल्ल्याची पावती?” मी म्हटले, अंगठा देते. ते म्हणाले, “अंगठा नोको. त्यानं तोंडानं मागतले, मी तोंडानं देल्ल्याचं सांगतो. यातच भर रे ग्यानबा. त्याचं मागनं झालं का लागलंच माह्यं देनं. मधात दुसरं काई नोको. उद्या कोनी अर्धंच आयकवलं तं?”

ग्यानबा म्हणाला, “ठाकूर, इथून भरलं तं पुढचं सारं पुसून जाते.”

उदयसिंग म्हणाले की मग दुसऱ्या बाजूला भरा. दौलतसिंग यांनी ते मानले नाही. ते म्हणाले, “पुसलं तं पुसलं. इंद्रभानच्या तोंडाले काय कमी हाय? पुढच्या मयन्यात आखीन भरून धाडन. काय चंपाबाई?”

ग्यानबा माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या ओठावर आले होते, मला दिसत होते. मी नाही म्हटले असते तर काहून म्हणून त्यांनी विचारले असते. ज्या बाईचा नवरा पुढच्या महिन्यात पुन्हा बोलणार आहे ती एवढ्यासाठी कशाला अडेल? मला सांगण्यासारखे काही कारण नव्हते. जे होते ते सांगता येत नव्हते. पैशावर त्यांचा हात तसाच होता.

मी म्हटले, “भरा.”

ग्यानबाने बटण दाबले. दौलतसिंग बोलू लागले. इंद्रभान, तुहे बाराशे रुपये आज तुह्या बायकोच्या हाती देल्ले, उदयसिंग साक्षीले हाय, आता तुह्यं माह्यं काई राह्यलं नाही, असे ते बोलले. तेथे संपवायला हरकत नव्हती. पण त्यांना त्या डब्यात बोलायची गंमत वाटली. यंदा तूर कशी झाली ते सांगितले. बैल बदलला ते सांगितले. पोहरा गावच्या रस्त्याला एक विहीर आहे, खडक काळा आहे, तू आलास की तिला हात लावू, असे सांगितले. उदयसिंग यांनाही बोलायला लावले, तेही रामराम बोलले. मग पुन्हा दौलतसिंग पावसाबद्दल बोलले. टेपच्या काचेतून दोन चाके फिरताना दिसत होती, मी त्यांच्याकडे पाहत बसले. माणूस एवढे बोलतो कसा, असे मला वाटत होते. बंद करा, बंद करा, असे मनात येत होते. पण मी पैशासाठी आले होते, म्हणून बसून राहिले.

पैसे माझ्या हाती दिले. मी उठले तेव्हा गोमतीबाई बाहेर आल्या. “परदेशी नवरा असलेल्या बाईले रिकामं धाडू नाही,” असे म्हणून त्यांनी वरूनच, बोट न लागेल असे, माझ्या कपाळावर कुंकू टाकले आणि पदरात मूठभर तांदूळ घातले. मी मागितले नव्हते. नकोही म्हटले नाही. त्या बाईच्या मनात वाईट नव्हते. त्यांना मी फसवले असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. ठाकूरला फसवले म्हटले तर घालीन. त्यांनी देणे दिले, दान दिले नाही.

बोरझरीला आल्यावर मी घरी गेले नाही. पैसे घेऊन गड्यांच्या दारोदार गेले आणि ज्याचे त्याला दिले. उकंडरावने विचारले, “इंद्रभाननं धाडले काय?” मी म्हटले, हो. तो म्हणाला, “मले ठाऊक होतं, तो देईन म्हून.” त्याच्या घरून निघाल्यावर मी देवमनच्या दारात गेले आणि त्याला सांगितले. मग रडले. त्या वेळी सुंदरबाईच काय, सारी वस्ती धावत आली.

वंदनेच्या दिवशी उकंडराव बोलायला उठला. तो काय बोलला ते फिर्यादीशी संबंधित नाही, परंतु मी सांगते. तो म्हणाला, “इंद्रभाननं कोनाचा पैसा ठेवला नाही.” एवढे बोलून बसला. मला तेवढेच पाहिजे होते.

तार त्यानंतर आली. तारेत मरणाची तारीख होती. पोस्टमन अमरखेडीलाही तोच आहे, त्यामुळे दौलतसिंग यांना समजले. ते उदयसिंग यांच्या फटफटीवर आले. खाली उतरले नाहीत. म्हणाले, “बाई, तुनं माह्या घरवालीच्या हातानं मुर्द्याच्या बायकोले कुंकू लावून घेतलं. ती चार दिसापासून जेवली नाही. माह्या घरात काई झालं तं?” मी म्हटले, “ठाकूरभाऊ, तुमच्या घरात काही होऊ नये. झालं ते माह्या घरात झालं.” ते म्हणाले, पैसे परत कर, नाहीतर ठाण्यात जातो. मी म्हटले, जा. म्हणून हे सर्व झाले आहे.

पैसे परत करण्याबाबत विचारल्यावरून सांगते की, ते माझ्याजवळ नाहीत. कोणाकोणाला किती दिले ते सांगणार नाही. त्यांच्या घामाचे होते, त्यांनी खाल्ले असतील. त्यांना ठाण्यात ओढू नये. शिक्षा असेल तर मला द्यावी.

आज रोजी ग्यानबाने हजर केलेली कॅसेट पंचांसमक्ष ठाण्यात वाजवण्यात आली. दौलतसिंग हजर होते. प्रथम माझ्या नवऱ्याचे बोलणे झाले. “आता चंपा, तुले सांगतो” इथपर्यंत आले आणि लगेच दौलतसिंग यांचे सुरू झाले. बाराशे रुपये देल्ले, तुह्यं माह्यं काई राह्यलं नाही, हे त्यांच्याच आवाजात सर्वांनी ऐकले. साहेबांनी त्यांना विचारले की तुम्हीच म्हणता देणे होते आणि दिले, मग फसवणूक कशाची? जमादार टेप बंद करू लागले. मी म्हटले, राहू द्या. साहेब म्हणाले, पुढे केसच्या कामाचे काही नाही. मी म्हटले, तरी राहू द्या. साहेबांनी राहू दिले.

तूर झाली, बैल झाला, विहीर झाली, उदयसिंग यांचा रामराम झाला, पाऊस झाला. मग खट् असा आवाज आला आणि माझा नवरा बोलला. “समजलं न? मंग तसंच करजो. ये रे ग्यानबा, झालं.” त्यापुढे काही नाही.

साहेबांनी पुन्हा वाजवायला सांगितले. पुन्हा तेवढेच निघाले. ग्यानबा भिंतीकडे तोंड करून उभा होता. दौलतसिंग बाकावरून उठले, पागोटे काढून हातात घेतले आणि मला म्हणाले, “चंपाबाई, मले ठाऊक असतं तं मी थोडकंच बोललो असतो.” फिर्याद मागे घेतो असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, तसंच करजो म्हणाला. कसे करायचे ते मला माहीत नाही.

वरील मजकूर जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, कमीजास्त नाही. म्हणून खाली अंगठा देते.

चंपाबाई, डाव्या हाताचा अंगठा
समक्ष: सही, लेखनिक जमादार